सोळा तारखेची टेप

"टेपा गेल्या, आक्काताई! आणि तीनला सुनावणी हाय!"

अ‍ॅडव्होकेट क्रांती कांबळे राजारामपुरीतल्या त्या छोट्या ऑफिसात शिरली, तेव्हा काळा कोट तिच्या हातात होता आणि दम छातीत मावत नव्हता.

आक्काताई पोवारांनी चहाचा कप खाली ठेवला. कोल्हापुरात लग्नाआधी मुलाची चौकशी करायची असली की लोक त्यांच्याकडं येत. नवरदेवाची दारू, नोकरी आणि आधीची बायको त्या चार दिवसांत शोधून काढत. पण आज समोर वकील होती आणि चार दिवस नव्हते, चार तासही नव्हते.

"बस. पाणी पी. कुठल्या टेपा?"

कोपऱ्यात आक्काताईंचे दीर कृष्णात बसले होते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. वहिनीची गाडी चालवायची आणि वहिनीला काय सुचलं ते सगळ्यांत शेवटी समजून घ्यायचं, हे त्यांचं काम. हातात कालचाच पेपर होता.

"काल पंधरा ऑगस्ट, प्रेसला सुट्टी. म्हणून आज पेपर न्हाय," ते कुरकुरले. "सोळा तारीख आली की माझं पोट साफ होत न्हाय बघा."

"भावजी, तुमचं पोट राहू द्या. बोल गं."

क्रांतीनं एका दमात सांगितलं. उचगावची मिलिंद वसाहत तिची. बौद्ध आणि मुसलमान कुटुंबं, सगळी हातावर पोट असलेली. 'दैनिक घणाघात'च्या कंपनीनं वसाहतीला लागून टीव्हीचा स्टुडिओ बांधला, तेव्हा ह्याच लोकांनी दगड वाहिले, पाया खणला. त्या काळी कंपनीच्या मालकीच्या तीन केबल वाहिन्या होत्या. कोल्हापूर, इचलकरंजी आणि हातकणंगले. सकाळी पेपर यांचा, संध्याकाळी पडदा यांचा. गावाला बातमी दोनदा मिळायची, आणि दाबायची ठरली की दोनदा दाबली जायची. पुढं मालकाच्या पोरानं वाहिन्या विकल्या, स्टुडिओची जागाही विकली. आता घेणारा म्हणत होता, वसाहत माझ्या जागेत येते, उठा.

"पण बारा वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला थोरल्या मालकांनी स्टुडिओत झेंडा लावला आणि कॅमेऱ्यासमोर शब्द दिला, की ही घरं हितनं हलणार न्हाईत. वाहिनीचे कॅमेरामन इकबालभाई, त्यांनी ते शूट केलंय. थोरले वारले. कागद न्हाय, सही न्हाय. आमचा पुरावा म्हणजे ती टेप तेवढीच, आणि ती पेपरच्या ऑफिसात. कोर्टानं पेपरला हुकूम दिलाय, आज ती हजर करा. सकाळी कपाट उघडलं, तर पंधराची टेप न्हाय आणि सोळाचीबी न्हाय. दोन्ही गेल्या. चोर म्हणून इकबालभाईंना धरून बसवलंय."

"का?"

"काल ते जुनं टेप लावायचं यंत्र दुरुस्त करायला गेलते. आणि नाव इकबाल हाय, म्हणून."

आक्काताई उठल्या. "भावजी, किल्ली."

गाडीत क्रांतीचा फोन वाजला. वसाहतीतून कुणीतरी ओरडत होतं. तिनं फोन ठेवला. "सुनावणी व्हायच्या आधीच पत्र्याचा ट्रक आलाय. वसाहतीला कुंपण घालायला लागलेत."

"चालवा, भावजी. एसटी न्हवं ही, थांब्यावर थांबू नका."

*

उद्यमनगरात 'घणाघात'ची तीन मजली इमारत होती. लिफ्टच्या दारावर 'बंद आहे'चा पिवळा पडलेला कागद. जिन्यावर सीसीटीव्ही होता, तोही बंद. गेल्याच वर्षी याच पेपरनं दुसऱ्यांच्या बंद कॅमेऱ्यांवर आठ भागांची मालिका छापली होती.

फाटकाजवळ पांढरी गाडी उभी होती. मागच्या सीटवर पाय लांब करून जाडजूड हंबीरराव बसले होते. वाहिन्या आणि जागा विकत घेणारे तेच.

"या पावणं!" त्यांनीच आरोळी दिली. "मलाच विचारायला आलाय न्हवं? माझ्या नावावर दावा, टेपा गेल्या तर फायदा माझा. सगळं गाव माझ्याकडंच बोट करतंय. दोन टेपा पळीवल्या म्हणं म्या!"

"पळवल्या का मग?" आक्काताईंनी सरळ विचारलं.

"ह्या गुडघ्यानं?" त्यांनी धोतर वर केलं. गुडघ्यावर ताज्या टाक्यांची रेघ होती. "काल झेंड्याला आलतो. खाली मांडवात जिलेबी खाल्ली आणि परत गाडीत. डॉक्टर म्हणतोय जिना चढलास तर दुसरा गुडघा बदलीन."

"माणूस धाडता आला असता."

"आला असता. पण टेपा कुठल्या कपाटात हायत हेबी मला ठावं न्हाय. वाहिनी घेतली तवा टेपा पेपरवाल्यांनीच ठेवून घेतल्या. कशाला, ते त्यांनाच विचारा."

फाटकाच्या केबिनमध्ये इकबाल स्टुलावर बसले होते. पांढरी दाढी, बोटांना सोल्डरचे डाग. दाराला आडवा रखवालदार.

"दोन टेपा उचलल्यात यानं," रखवालदार म्हणाला. "पोलिस यायलेत."

"मी काय उचललं न्हाय," इकबाल म्हणाले. आवाज बसला होता. "सकाळपासनं सांगतोय, मला वर सोडा. त्या दिवसाची टेप काढून देतो."

"बघा! कबूलच केलं की! काढून देतो म्हणं!" रखवालदारानं टाळी वाजवली.

आक्काताईंनी मात्र इकबालांकडं रोखून बघितलं. "टेपांवर तारखा कोण घालत होतं?"

"मीच. पेपरच्या बातमी-डेस्कवरनं सांगतील तशा. आमची वाहिनी म्हणजे पेपरचं शेपूट हो, ताई. सगळा कारभार पेपरच्या हिशेबानं. पेपरला सुट्टी असली की डेस्कला सुट्टी. शूटिंग तेवढं माझ्या गळ्यात. मग ती टेप—"

"थांबा." आक्काताईंनी हात वर केला. डोळ्यांत एकदम चमक आली होती. "इकबालभाई, आता पुढं एक अक्षर बोलायचं न्हाय. मी बोलावीपर्यंत कुणालाबी काय सांगू नका."

"वहिनी, तो सांगत होता की!" जिना चढताना कृष्णात म्हणाले.

"म्हणूनच थांबवलं. रखवालदाराचे कान कुणाच्या पगारावर हायत?"

*

तिसऱ्या मजल्यावर टेपांच्या खोलीत प्रीती होती. पेपरच्या पन्नाशीसाठी जुन्या टेपा संगणकावर उतरवायचं काम तिच्याकडं होतं. रडून डोळे सुजलेले.

"किल्ली इथंच खिळ्याला असते. सगळ्यांना माहितेय. काल सुट्टी होती, तरी मी काम करत होते. मधे जिलेबी खायला खाली गेले, तेवढाच वेळ."

"काल वर कोण आलं?"

"इकबालचाचा यंत्र घेऊन माझ्यासमोरच बसले होते. मी खाली गेले तेव्हा तेही आले, पण परत वर कोण आधी गेलं ते नाही सांगता येणार. मांडवात गर्दी होती."

"पंधराची टेप तू परवा बघितली होतीस?"

"परवाच मी कपाट पुसलं. टेपा इतक्या गच्च आहेत की काढायला नखं लागतात. पंधराची होती, हे नक्की आठवतं. सोळाचं आठवत नाही, पण असणारच ना? खरं तर मी आधी सोळाच शोधली."

"घटना पंधराची आणि शोधली सोळा?" कृष्णातांनी विचारलं.

"इथली सगळी लेबलं तशीच वेडी आहेत हो. पुराचं शूटिंग लावलं की तारीख दुसऱ्या दिवसाची. जोतिबाच्या चैत्रयात्रेचंही तेच. मी तारखा दुरुस्त करत बसलेय. म्हणून सोळा बघितली, ती नाही. मग पंधरा बघितली, तर तीही नाही. लगेच साहेबांना, रखवालदाराला, सगळ्यांना सांगितलं, दोन टेपा गेल्या."

आक्काताई कपाटाजवळ गेल्या. छोट्या टेपा पुस्तकांसारख्या उभ्या, एकमेकींना दाबून बसलेल्या. चौदा ऑगस्ट. मग फट. मग सतरा ऑगस्ट. त्यांनी फटीत एक बोट घातलं. दुसरं बोट घालायला गेल्या, ते आत गेलं नाही.

"धूळ बघताय?" कृष्णातांनी विचारलं.

"व्हय. धूळच म्हणा." त्या प्रीतीकडं वळल्या. "पोरी, ह्या दाराला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्या पर्समध्ये ठेव. तू हितनं हलू नकोस. मालक आला तरी उघडायचं न्हाय."

"साहेबांना नाही कसं म्हणू?"

"तोंडानं. न्हाय म्हणायला तेवढंच लागतं."

*

थोरल्या मालकांचा पोरगा, आताचे संचालक विजयसिंह, त्यांच्या केबिनमध्ये थंडगार एसी होता. ते फोनवर होते. "पत्रे आजच लावा. थांबायचं काही कारण नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि हसले.

"या. क्रांतीताई, मला खरंच वाईट वाटतं. पण आमचा त्या जागेशी आता काय संबंध? वाहिन्या एके काळी आमच्या होत्या. विकल्या, विषय संपला. कोर्टानं टेप मागितली, आम्ही द्यायला तयार होतो. घरातलाच माणूस चोर निघाला, त्याला मी काय करू?"

"इकबाल चोर कशावरून?"

"त्यानं खाली कबूल केलंय म्हणे. आणि तो तिथलाच ना? तिथलेच लोक. उद्या हंबीररावांकडून चार पैसे घेऊन टेप विकली, तर नवल काय?"

क्रांती उसळली. "ते तिथलेच, तर स्वतःच्याच घराची टेप चोरतील का?"

आक्काताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "साहेब, तुम्ही काल टेपांच्या खोलीत गेलता?"

"मी? वर्षभरात त्या मजल्यावर पाय ठेवला नाही. काल झेंडा लावला, भाषण केलं, कर्मचाऱ्यांसोबत जिलेबी खाल्ली. आजही सकाळपासून ह्याच खुर्चीत आहे. वर काय झालं ते मला प्रीतीच्या फोनवरून कळलं."

"वाहिन्यांचं काम तुम्हीच बघत होता?"

"बघत होतो? उभ्या केल्यात! कॅमेऱ्यापासून लेबलापर्यंत सगळं ह्या हाताखालून गेलंय." ते घड्याळाकडं बघत उठले. "खरं सांगू, बाई? एवढ्याशा गोष्टीचा बाऊ चाललाय. कपाटातली एक टेप गेली, म्हणून कोर्ट काय बंद पडणार आहे?"

आक्काताई हसल्या. जुन्या गिऱ्हाइकांना ते हसू माहीत होतं. त्यानंतर लग्न मोडायचं.

"न्हाय, कोर्ट बंद पडणार न्हाय. साहेब, पाच मिनिटं खाली मांडवात येता का? चोर दाखवते."

बाहेर येताच कृष्णात कुजबुजले, "प्रेसचं छप्पर गळत असणार बघा. पत्र्याचं बोलत होते."

"भावजी, तुम्ही सगळं ऐकता. नुसतं जोडत न्हाय. आता वर जा. प्रीतीला म्हणावं, यंत्र आणि टीव्ही खाली आण. आणि एक टेप आण." बाकीचं त्यांनी त्यांच्या कानात सांगितलं.

कृष्णातांनी आ वासला. "ती कशाला?"

"जावा!"

*

मांडवात कालच्या तिरंगी पताका तशाच लटकत होत्या. हंबीरराव खुर्चीत पाय लांब करून बसले. विजयसिंह उभे राहिले. इकबालांना क्रांती हाताला धरून घेऊन आली. रखवालदार आडवा आला, तर तिनं कोर्टाच्या हुकुमाचा कागद त्याच्या नाकासमोर धरला. घामाघूम कृष्णात यंत्र पोटाशी धरून खाली उतरले. मागं टीव्ही घेऊन प्रीती. तिच्या मुठीत एक टेप होती.

"चोरी कोण करू शकत होतं, ते सोडा," आक्काताई म्हणाल्या. "किल्ली खिळ्याला, कॅमेरा बंद. कोणीबी करू शकत होतं. चूक कुणी केली, ते बघू.

"पेपरच्या माणसांना आज घडलेलं उद्याच्या अंकात द्यायचं असतं. म्हणून त्यांच्या टेबलावर आजच उद्याची तारीख असते. वाहिनीला डेस्क पेपरचाच. आज शूट केलेल्या टेपेवर उद्याच्या अंकाची तारीख पडायची. प्रीतीला लेबलं वेडी वाटतात, ती ह्यामुळं. इकबालभाई, बरोबर?"

"अगदी बरोबर."

"मग कपाटातल्या पंधरा ऑगस्टच्या टेपेत काय होतं?"

"चौदाचं शूटिंग."

"म्हणजे चोरानं भलतीच टेप नेली!" कृष्णात ओरडले.

"नेली. आता असं बघा. इकबालभाईंनी लेबलं स्वतः लिहिली. ते चोर असते तर पंधराला हात लावला नसता. प्रीतीला लेबलं एक दिवस पुढची असतात, हे कळलंय. तिनं सोळाच शोधली असती. पंधरा उचलणारा माणूस म्हणजे, ज्याला ह्या घरात काम कसं चालतं याचा पत्ताच न्हाय."

"मग हे!" विजयसिंहांनी हंबीररावांकडं बोट केलं. "बाहेरचे."

"ए!" हंबीरराव गरजले.

"बसा, दाजी. गुडघा सांभाळा. तुम्हालाबी लेबलांचं ठावं न्हाय, खरं. माणूसबी धाडता आला असता. म्हणून मी दुसरी गोष्ट बघितली. किती टेपा गेल्या?"

"दोन," हंबीरराव म्हणाले.

"दोन," रखवालदार म्हणाला.

"सगळे दोनच म्हणतात, कारण प्रीतीनं सगळ्यांना दोनच सांगितलं. मला क्रांतीनंबी दोनच सांगितलं. पण कपाटातल्या फटीत माझं एकच बोट गेलं. टेपा गच्च बसल्यात. दोन काढल्या असत्या तर दोन्ही बोटं गेली असती. गेली एकच. हे कुणाला ठावं? फट बघणाऱ्या मला. आणि टेप काढणाऱ्याला." त्या वळल्या. "साहेब, वर्षभरात त्या मजल्यावर पाय न ठेवता तुम्ही मघाशी म्हणालात, 'कपाटातली एक टेप गेली.' तुम्हाला एक कुणी सांगितली?"

हंबीररावांनी मान वळवून विजयसिंहांकडं बघितलं.

"बोलण्याच्या ओघात गेलं असेल," विजयसिंह म्हणाले. "आणि मी का चोरू? जागा माझी नाही!"

"तेच मलाबी वाटलं. पण तुम्ही फोनवर पत्रे लावायला सांगत होता. थांबायचं न्हाय म्हणालात. त्याच वक्ताला वसाहतीत पत्रे ठोकत होते. जागा विकलेला माणूस दुसऱ्याच्या कुंपणाची घाई कशाला करील?"

"छपराचे पत्रे!"

"छपराचे?" हंबीरराव खुर्चीला धरून उभेच राहिले. "म्हंजे पत्रे तू धाडलेस? मी सुनावणी होईतोवर थांब म्हणलंतं की तुला! ऐका ओ सगळे. वाहिन्या इकल्या ते खरं. जागेचा सौदा नुसता दाखवायचा. कोर्टात नाव माझं, शिव्या मला, आणि बंगल्यांच्या योजनेत अर्धा वाटा ह्याचा! आता चोरबी मीच व्हय?"

विजयसिंहांची मान अजून ताठच होती. "बोला हवं ते. टेप गेली ती गेली. कोर्टात दाखवणार काय?"

"त्यासाठी तर यंत्र आणलंय." आक्काताईंनी प्रीतीकडं हात केला. "पंधराचं शूटिंग सोळाच्या टेपेवर पाहिजे होतं. पण भावजी, आज सकाळी तुम्ही काय कुरकुरत होता?"

"पोट?"

"त्याच्या आधी!"

कृष्णातांनी डोकं खाजवलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "पेपर न्हाय! सोळाला पेपरच निघत न्हाय!"

"अंकच न्हाय, तर त्या तारखेची टेप कशी असंल? सोळाची टेप कधी चोरीला गेलीच न्हाय. ती जन्मालाच आली न्हवती. इकबालभाई, मग ते शूटिंग कुठं?"

"कॅमेऱ्यातच राहिलं," इकबाल म्हणाले. आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "दुसऱ्या दिवशी त्याच टेपेवर पुढचं शूट केलं. डेस्क उघडला, तवा सतराची तारीख घातली. हेच सांगत होतो मी सकाळपासनं!"

प्रीतीनं मूठ उघडली. लेबलावर निळ्या शाईत सतरा ऑगस्ट होतं. इकबालांनी टेप यंत्रात घातली. पडद्यावर मुंग्या आल्या, रेघा आल्या आणि मग झेंडा. त्याखाली पांढऱ्या टोपीतले थोरले मालक, समोर वसाहतीतली माणसं.

"स्टुडिओ चालंल न्हाय तर बंद पडंल," म्हातारा खणखणीत बोलत होता. "वाहिनी मी ठेवीन न्हाय तर इकीन. पण ह्या लोकांनी पाया खणलाय. त्यांची घरं हितनं हलणार न्हाईत. माझ्या पोरानंबी कान उघडून ऐकावं."

कॅमेरा पोराला शोधत फिरला. पोरगा मांडवाच्या कडेला पाठ करून फोनवर बोलत होता.

विजयसिंह खुर्चीत बसले.

"जी टेप तुम्ही नेली, तिच्यात काय होतं माहीत हाय?" इकबालांनी विचारलं. "चौदाला थोरल्या साहेबांनी वाहिन्यांचा कारभार तुमच्या हातात दिला, तो सोहळा. तुमच्या खांद्यावर हात ठेवून बोललेत त्यात. कुठं हाय ती?"

"जाळली," विजयसिंह म्हणाले. एवढा एकच शब्द.

"ज्याचा पेपर, त्यालाच पेपर कसा निघतो ठावं न्हाय," आक्काताई म्हणाल्या. "पोलिस यायलेत न्हवं? येऊ द्यात. प्रीती त्यांना सगळं सांगंल. भावजी, यंत्र उचला! इकबालभाई, चला. ज्यानं शूट केलं त्याची सही कोर्टाला लागती."

*

कसबा बावड्याच्या कोर्टात कृष्णात यंत्र पोटाशी धरून, "सरका, सरका, पुढं सरका!" असं ओरडत शिरले. सवयच ती. शिपाई आडवा येईपर्यंत ते दालनाच्या आत होते आणि क्रांतीच्या प्रकरणाचा पुकारा होत होता.

इकबालांनी शपथ घेतली, विजयसिंहांनी टेप जाळल्याचं सांगितलं, सही केली. समोरच्या वकिलानं तीन हरकती घेतल्या. न्यायाधीशबाईंनी तिन्ही लिहून घेतल्या आणि म्हणाल्या, "आधी बघू तरी."

टेप चालली. म्हातारा बोलला. बाईंनी पुन्हा लावायला सांगितलं आणि ह्या वेळी त्या म्हाताऱ्याकडं बघत नव्हत्या, त्याच्या समोरच्या गर्दीकडं बघत होत्या.

"चित्र थांबवा. यातलं कोणी आज हजर आहे?"

मागच्या बाकांवर हालचाल झाली. एक म्हातारी उठली, खैरुनबी. पडद्यावर ती पहिल्या रांगेत होती, केस काळे. तिच्या बाजूला ज्ञानू उठले, पायांत चप्पल नव्हती, तेव्हाही नव्हती. मग एकेक करून सगळी भिंत भरली. जे मेले होते, त्यांच्या जागी त्यांची पोरं उभी राहिली.

क्रांतीचा युक्तिवाद हातातच राहिला. तिला तो वाचावाच लागला नाही.

"निकाल लागेपर्यंत एकाही घराला हात लावायचा नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "घातलेलं कुंपण आज संध्याकाळच्या आत काढायचं. पुरावा जाळल्याबद्दल वेगळी नोटीस निघेल."

माणसं उभीच होती. आदेशाची भाषा त्यांना कळली नव्हती. सगळे डोळे वकिलीणबाईकडं लागले होते.

क्रांतीनं मागं वळून बघितलं. मग कोर्टात असा आवाज चढवायचा नसतो, हे विसरून ती मोठ्यानं म्हणाली, "चला! घरला चला!"